फेको जमतो, आता रिफ्रॅक्टिव्ह शिकायचंय? पुण्यात नव्याने आलेल्या नेत्रसर्जनसाठी

"ऑपरेशन झकास झालं मॅडम, दुखलंसुद्धा नाही. पण वरच्या मजल्यावरच्या काकूंचा चष्मा गेला. माझा का नाही गेला?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी तपासणीला आलेल्या एका निवृत्त लिपिकांनी मला हे विचारलं तेव्हा त्यांची फाईल माझ्यासमोर उघडीच होती. रेक्सिस (भिंगाच्या पिशवीला पाडलेलं भोक) गोल, कृत्रिम लेन्स त्या पिशवीत मधोमध, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पहिल्या दिवसापासून स्वच्छ. आणि नंबर प्लस एक. म्हणजे लांबचं थोडं अंधुक आणि जवळचं तर पार गेलेलं. व्हिडिओ दोनदा पाहिला, चूक सापडेना. सापडणार कुठून? चूक व्हिडिओ सुरू होण्याच्या आधी, बायोमेट्रीच्या टेबलावर, म्हणजे लेन्सची पॉवर ठरवायला डोळा मोजतात तिथे, झाली होती. तीही एक नव्हे, दोन-तीन बारीक चुका, सगळ्या एकाच दिशेला.

हे लिहायचं कारण तेच. लातूर, धुळे, सोलापूर कुठूनही एमएस किंवा डीएनबी होऊन तुम्ही पुण्यात आला असाल, फेको (अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू काढणं) स्वतंत्रपणे करत असाल, आणि आता रिफ्रॅक्टिव्ह काम, म्हणजे चष्म्याचा नंबरही घालवणं, त्यासाठीच्या टोरिक (सिलिंडर नंबर घालवणाऱ्या), मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या) वगैरे 'प्रीमियम' लेन्स शिकायच्या असतील, तर पहिली दोन वर्षं माझ्यासारखी उलट्या क्रमाने घालवू नका. मी ट्रायफोकलवरची (मल्टिफोकलच्या एका प्रकारावरची) भाषणं आधी ऐकली आणि मी रोज घालते त्या लेन्सचा कॉन्स्टन्ट (पॉवरच्या गणितात धरायचा त्या लेन्सचा ठरावीक आकडा) बरोबर आहे का, हे नंतर तपासलं.

हाताशी काय ठेवायचं

- महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नोंदणीपत्र आणि पदव्युत्तर पदवीची अतिरिक्त नोंदणी. परराज्यातून येत असाल तर आधी हे काम.
- आतापर्यंतच्या सीएमईची (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांची) सगळी प्रमाणपत्रं, स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये.
- इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटच्या दाव्यांसाठीचा विमा. नवी शस्त्रक्रिया सुरू करताना त्यातली रक्कम एकदा वाचून घ्या.
- शेवटच्या ५० केसेसची फाईल: बायोमेट्रीचा प्रिंट, लेन्सचं स्टिकर, सहा आठवड्यांनंतरचा नंबर.
- न कापलेले सर्जरी व्हिडिओ, पेन ड्राइव्हवर. रेक्सिस आणि लेन्स घालतानाचा भाग दिसला पाहिजे.
- मुदत संपलेल्या एक-दोन टोरिक लेन्स, फक्त सरावासाठी. त्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नकोत, वेट लॅबच्या, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांवरच्या सरावाच्या, डब्यात ठेवा.

१. आधी आपले ५० डोळे मोजा

कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी ही पायरी. खर्च शून्य, वेळ एक रविवार.

एक्सेल उघडा. प्रत्येक डोळ्यासाठी मशीनने किती नंबर येईल म्हटलं होतं ते लिहा, आणि प्रत्यक्षात किती आला ते लिहा. दोन्ही स्फेरिकल इक्विव्हॅलंटमध्ये (साधा नंबर अधिक सिलिंडरचा निम्मा). आलेल्यातून अपेक्षित वजा करा. मशीनने मायनस पाव म्हटलं होतं आणि प्लस पाव आला, तर चूक प्लस अर्धा. असे ५० आकडे झाले की दोन गोष्टी पाहायच्या: सरासरी आणि पसारा.

सरासरी शून्यापासून सरकलेली असेल, म्हणजे जवळजवळ सगळेच पेशंट थोडे प्लसकडे किंवा सगळेच मायनसकडे जात असतील, तर बहुधा तुमचा लेन्स कॉन्स्टन्ट चुकतोय. सगळे प्लसकडे जातात याचा अर्थ लेन्स कमी पॉवरची पडते, कॉन्स्टन्ट वाढवायला हवा. हे दुरुस्त करणं सोपं. सरासरी शून्य आहे पण एक डोळा प्लस एक आणि दुसरा मायनस एक, असा पसारा असेल तर आजार मोजमापात आहे आणि त्याला पायरी ४ शिवाय औषध नाही.

तुलनेला एक पट्टी: ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांच्या आकडेवारीवरून २००९ मध्ये सुचवलेला निकष असा, की निदान ५५ टक्के डोळे अपेक्षित नंबरच्या अर्ध्या डायॉप्टरच्या (नंबर मोजायचं एकक) आत आणि ८५ टक्के एका डायॉप्टरच्या आत असावेत. आजच्या ऑप्टिकल बायोमीटरच्या मानाने ही पट्टी खूपच सैल आहे. माझे पहिले ५० डोळे तिच्यात जेमतेम बसले. त्या दिवशी मी एका कॉन्फरन्सची नोंदणी रद्द केली.

इथे एक फसवणूक होते ती आपलीच. 'सहा आठवड्यांचा नंबर' फाईलमध्ये नसतोच. पेशंटला बरं दिसतंय म्हणून तो येत नाही, आणि आला तर आपण ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे मशीनने आपोआप काढलेल्या नंबरची, चिठ्ठी लावून मोकळे होतो. ती चिठ्ठी चालणार नाही. सब्जेक्टिव्ह रिफ्रॅक्शनच (पेशंटला विचारत काढलेला नंबर) हवं, आणि तेही योग्य अंतरावर. माझी तपासणीची खोली दहा फुटांची. आरसा लावेपर्यंत मी ३ मीटरवर नंबर काढत होते, आणि त्यानेच प्रत्येक आकड्यात थोडी भेसळ होत होती.

२. कौन्सिलचे पॉइंट: लवकर उरकायचं काम

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. एवढं लक्षात ठेवा, आणि या पॉइंटसाठी शिकू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सापळे तीनच. एक, नावनोंदणी करताना स्वतःचा रजिस्ट्रेशन नंबर चुकीचा टाकणं. प्रमाणपत्र त्या नंबरवर निघतं आणि मग दुरुस्तीसाठी ईमेलचा पाढा सुरू. दोन, हजेरी. पॉइंट हजेरीवर मिळतात, जेवणाच्या कूपनवर नाही. तीन, परदेशी संस्थेचे वेबिनार. ज्ञान मिळेल, पण कौन्सिलची मान्यता नसेल तर पॉइंट मिळणार नाहीत. मान्यता आहे का, हे पत्रिकेवर आधीच लिहिलेलं असतं. नसेल तर आयोजकांना विचारा.

३. कुठे जायचं आणि कुठे नाही

पुण्यात आल्या आल्या पूना ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटीचं सभासदत्व घ्या. नंतर महाराष्ट्र ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी आणि ऑल इंडिया ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी. स्थानिक सोसायटीच्या बैठकीला जायचं ते भाषणासाठी कमी आणि नंतरच्या चहासाठी जास्त. कोणाकडे कुठला बायोमीटर आहे, टोपोग्राफी (कॉर्नियाचा नकाशा) कुठे करून मिळेल, फिरलेली टोरिक कोण सरळ करून देतो, हे तिथेच कळतं. नव्या माणसाला यातलं एकही पत्रिकेवर छापून मिळत नाही.

हात चालवायला शिकायचं असेल तर मात्र बैठका पुरत नाहीत. पुण्यात मोहम्मदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आणि शिवाजीनगरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही प्रशिक्षणासाठी ओळखली जाणारी नावं आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिपही वेगवेगळ्या मान्यताप्राप्त संस्थांत चालतात. महिनाभर सुट्टी काढता येत असेल तर मदुराईचं अरविंद किंवा हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद. तिथे एकाच दिवसात दिसणाऱ्या केसेस आपल्या दवाखान्यात दोन महिन्यांत दिसत नाहीत.

फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. मी स्वतः किती केसेस करणार? करताना शेजारी कोण बसणार? आणि माझ्या केसेसचा ऑपरेशननंतरचा नंबर मला मिळणार का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर तो कोर्स फेकोचा आहे, रिफ्रॅक्टिव्ह सर्जरीचा नाही. मी एका आठवड्याच्या कोर्समध्ये नऊ टोरिक लेन्स बसवताना पाहिल्या आणि त्यातल्या एकाही डोळ्याचा पुढे काय नंबर आला ते मला आजतागायत माहीत नाही. कोर्सच्या फोटोत मात्र मी पहिल्या रांगेत आहे.

कंपन्यांच्या हॉटेलातल्या संध्याकाळच्या सत्रांबद्दल: जा, पण वही घेऊन जा. लेन्सची रचना समजून घ्यायला ती सत्रं चांगली असतात. निकालांच्या स्लाइड दाखवल्या की खालचा बारीक मजकूर वाचा: किती डोळे, किती महिन्यांनी तपासले, कोणाला वगळलं. आणि प्रवास, हॉटेल, भेटवस्तू यांना हात लावू नका. मेडिकल कौन्सिलच्या नियमांत २००९ च्या दुरुस्तीपासून त्याला मनाई आहे, आणि औषध कंपन्यांसाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये विपणनाची समान संहिताही काढली आहे.

घरी बसून शिकायला डॉ. उदय देवगण यांचे 'कॅटरॅक्ट कोच'चे व्हिडिओ मोफत आहेत. रोज एक, जेवताना. घरच्यांची तक्रार आली तर जेवणानंतर.

४. ऑप्टोमेट्रिस्टच्या शेजारी आठवडाभर बसा

सगळ्या लेखात एकच पायरी करणार असाल तर ही करा.

नॉर्बी या शास्त्रज्ञाने २००८ मध्ये लेन्सच्या गणितातल्या चुकांचा हिशोब मांडला. सर्वात मोठा वाटा लेन्स डोळ्यात नेमकी किती खोल बसेल या अंदाजाचा, सुमारे ३५ टक्के. त्याखालोखाल ऑपरेशननंतर नंबर काढण्यातली चूक, २७ टक्के. मग ॲक्सियल लेन्थ, म्हणजे डोळ्याची लांबी मोजण्यातली चूक, १७ टक्के. पहिलं फॉर्म्युल्याच्या हातात आहे. दुसरं आणि तिसरं तुमच्या दवाखान्यातल्या त्या छोट्या अंधाऱ्या खोलीत घडतं, जिथे आपण एरवी फक्त सही करायला डोकावतो.

मी बसले तेव्हा पहिल्याच सकाळी हे दिसलं. पेशंट आले, त्यांचं डोळ्याचं प्रेशर तपासलं गेलं, बाहुली मोठी करायचे थेंब पडले, आणि मग रांगेत बायोमेट्री. ऑप्टोमची चूक नव्हती, रांग तशी लावली होती आमच्या रिसेप्शनने, कारण थेंबांचा वेळ वाचतो. पण कॉर्नियाला टोनोमीटर टेकवून आणि थेंब घालून झाल्यावर के रीडिंग (कॉर्नियाच्या वक्रतेचं मोजमाप) घेतलं तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आता आमच्याकडे नियम आहे: ज्याची बायोमेट्री, त्याच्या डोळ्याला आधी कोणी काही लावायचं नाही. फाईलवर लाल स्टिकर असतं.

दुसरी गोष्ट, अश्रूंची. तीनदा के रीडिंग घेतलं आणि तिन्ही वेळा ॲक्सिस (सिलिंडरची दिशा) वेगळा आला तर मशीन बिघडलेलं नाही, डोळा कोरडा आहे. पापण्यांच्या ग्रंथी दाबून पाहा, फ्लुरेसिन घालून अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फुटतो ते मोजा. शेक, वंगणाचे थेंब, गरज असेल तर औषध, आणि तीन-चार आठवड्यांनी परत बोलवा. पेशंट म्हणेल, "ऑपरेशनला आलोय आणि तुम्ही थेंब देताय?" आधी उपचार केला तर तो मोतीबिंदूआधीचा आजार ठरतो. ऑपरेशननंतर केला तर पेशंटच्या लेखी तो तुमच्या ऑपरेशनने झालेला आजार.

आणखी काय पाहायचं:

दोन डोळ्यांची तुलना. ॲक्सियल लेन्थमध्ये ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल आणि जुना नंबर त्याला दुजोरा देत नसेल, तर परत मोजा. लांबीत १ मिलिमीटर चूक म्हणजे नंबरात अडीच ते तीन डायॉप्टर, त्यामुळे इथे आळस परवडत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स. मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर निदान तीन-चार आठवडे बंद, आणि दोन भेटींतलं के रीडिंग जुळेपर्यंत थांबायचं. हिंजवडीचे पन्नाशीतले पेशंट या बाबतीत हमखास खोटं बोलतात. मीटिंगला चष्मा नको असतो.

पिकलेला मोतीबिंदू. भोर, वेल्हे, मुळशीकडून येणाऱ्या आजी-आजोबांत ऑप्टिकल मशीनचा किरण पलीकडे पोहोचतच नाही. मग ए-स्कॅन, म्हणजे अल्ट्रासाऊंडने मोजणं. त्यात प्रोब कॉर्नियावर दाबला गेला की डोळा आखूड मोजला जातो, जास्त पॉवरची लेन्स पडते आणि पेशंट मायनस होतो. इमर्शन पद्धत, म्हणजे प्रोब न टेकवता कपातल्या द्रवातून मोजणं, शिकून घ्या. कप ठेवायला दोन मिनिटं जास्त लागतात, इतकंच.

पूर्वी लेसिक किंवा आरके (चष्मा घालवायची कॉर्नियावरची ऑपरेशनं) झालंय का, हे प्रत्येकाला तोंडाने विचारा. फॉर्मवर ठेवलेला चौकोन कोणी भरत नाही. मायनस नंबरसाठी लेसिक झालेल्या डोळ्यात नेहमीचं गणित कमी पॉवरची लेन्स सुचवतं आणि पेशंट प्लसमध्ये जातो. अशा केसेससाठी वेगळे फॉर्म्युले आहेत, बॅरेट ट्रू-के त्यातला एक. पण पहिल्या वर्षी त्या सरळ अनुभवी माणसाकडे पाठवा.

५. फॉर्म्युल्याचं फार दडपण घेऊ नका

आपण शिकलो तेव्हा आखूड डोळ्याला हॉफर क्यू आणि लांब डोळ्याला एसआरके/टी असं पाठ केलं होतं. आता बॅरेट युनिव्हर्सल टू, केन, हिल-आरबीएफ यांसारखे फॉर्म्युले सर्व लांबीच्या डोळ्यांत जुन्यांपेक्षा सरस ठरले आहेत आणि इंटरनेटवर मोफत आहेत. युरोपियन सोसायटीच्या, म्हणजे ईएससीआरएसच्या, कॅल्क्युलेटरमध्ये एकदाच आकडे भरले की असे अनेक फॉर्म्युले शेजारी-शेजारी दिसतात. सगळे अर्ध्या डायॉप्टरच्या आत सांगत असतील तर निर्धास्त. एक जरी फटकून बोलत असेल तर मोजमापाकडे परत जा.

सापळा एकच, पण मोठा. लेन्सच्या डब्यावर छापलेला ए-कॉन्स्टन्ट बहुतेक वेळा अल्ट्रासाऊंड बायोमेट्रीसाठीचा असतो. ऑप्टिकल मशीनसाठी तो वेगळा, सहसा थोडा जास्त. आयओएलकॉन या लेन्स कॉन्स्टन्टच्या साइटवर तो मिळतो. लेखाच्या सुरुवातीच्या लिपिकांच्या प्लस एकमधला काही हिस्सा इथून आला होता: मी डब्यावर बघून मशीनमध्ये आकडा भरला होता.

आकडे हाताने टाइप करत असाल तर दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवायचे. उजवा-डावा डोळासुद्धा.

६. टोरिक आधी, आणि तीही शेळीच्या डोळ्यावर

मोतीबिंदूच्या साधारण तीन पेशंटमागे एकाच्या कॉर्नियाला १ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त सिलिंडर असतो. म्हणजे टोरिकची गरज मल्टिफोकलपेक्षा कितीतरी जास्त लोकांना आहे, आणि चुकली तर सरळ करता येते. म्हणून ती आधी.

सरावासाठी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये किंवा आपल्या भागातल्या खाटकाकडे शेळी-बोकडाचे डोळे मिळतात. आदल्या दिवशी जाऊन सांगून या, आणि एक गोष्ट नीट समजावा: मुंडी भाजण्याआधी डोळे काढायचे. भाजलेल्या मुंडीचा कॉर्निया पांढराफट्ट होतो, आत काही दिसत नाही. मी पहिल्यांदा आठ डोळे आणले आणि आठही फेकले. दुसऱ्यांदा खाटीकदादांनीच विचारलं, "मॅडम, कच्चेच पायजेत ना?" बर्फाच्या डब्यात आणायचे, त्याच सकाळी वापरायचे, कारण दुपारपर्यंत कॉर्निया धुरकट होतो. थर्माकोलच्या तुकड्याला खड्डा करून टाचण्यांनी डोळा बसवायचा.

त्यावर फेको करत बसू नका. लेन्स मऊ असते, खऱ्यासारखं वाटतच नाही. दोनच गोष्टी करा. ठरवून ५ ते ५.५ मिलिमीटरचा रेक्सिस, जेणेकरून लेन्सच्या ६ मिलिमीटरच्या ऑप्टिकची (मधल्या गोल भागाची) कड सगळीकडून झाकली जाईल. प्रत्येक वेळी कॅलिपरने मोजा. शेळीची कॅप्सूल रबरासारखी ताणते आणि रेक्सिस बाहेर पळतो. तिथे जमला तर माणसाच्या डोळ्यात सोपा वाटतो. दुसरं, मुदत संपलेली टोरिक घालून ती ठरलेल्या खुणेच्या १०-१५ अंश अलीकडे थांबवणं, मागचं व्हिस्को (ऑपरेशनात वापरायचं जेल) पूर्ण काढणं, आणि मग घड्याळाच्या दिशेने शेवटचे अंश सरकवणं. पुढे गेलात तर उलटं फिरवता येत नाही, जवळजवळ अर्धी चक्कर मारावी लागते.

आता खूण, म्हणजे लेन्सची दिशा कळावी म्हणून डोळ्यावर शाईने करायची. माझी पहिली टोरिक एका निवृत्त शिक्षिकेची. ओटीत रांग होती, बाईंना टेबलावर घेतलं आणि मग आठवलं की खूण राहिली. आडव्यातच केली. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो. बहुतेकांत दोन-चार अंश, एखाद्यात दहाच्याही पुढे. त्यांची लेन्स १२ अंश चुकली. एका अंशामागे परिणाम सव्वातीन टक्क्यांच्या आसपास कमी होतो, ३० अंशांवर तो शून्य होतो, आणि त्यापुढे लेन्स सिलिंडर वाढवू लागते. बाईंच्या अडीच डायॉप्टरपैकी एक शिल्लक राहिला. म्हणून खूण नेहमी बसून, समोर दूर पाहायला लावून, हनुवटी सरळ. स्लिट लॅम्पची आडवी रेघ घेऊन ० आणि १८० वर. शाई पुसून जाते, तेव्हा खूण करून पाच मिनिटांत ओटीत घ्या. डिजिटल मार्किंगची यंत्रणा असेल तर उत्तम, पण हाताने येत असलं पाहिजे. वीज पुण्यातही जाते.

गणितात आणखी एक. केराटोमीटर कॉर्नियाची पुढची बाजू मोजतो. मागच्या बाजूलाही सिलिंडर असतो, सरासरी ०.३ डायॉप्टर, आणि बहुतेकांत तो पुढच्या उभ्या सिलिंडरच्या विरुद्ध काम करतो. कॉख आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दाखवलं. त्याचा हिशोब धरला नाही तर उभा सिलिंडर गरजेपेक्षा जास्त कापला जातो आणि आडवा कमी. बॅरेटच्या टोरिक कॅल्क्युलेटरमध्ये हा हिशोब आहे. कंपनीचा जुना कॅल्क्युलेटर वापरत असाल तर त्यात आहे का ते बघा. आणि तुमच्या स्वतःच्या चिरेने किती सिलिंडर तयार होतो, तो आकडा आपल्याच केसेसच्या ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या के रीडिंगवरून काढा. दुसऱ्याचा उसना घेऊ नका.

७. पेशंटशी बोलणं हा अभ्यासक्रमातला विषय आहे

कॉन्फरन्समध्ये यावर दहा मिनिटं मिळतात. दवाखान्यात तक्रारीही इथेच जास्त उगवतात.

"चष्मा जाईल का?" याला हो किंवा नाही म्हणू नका. उलट विचारा: दिवसभरात काय काय करता? रात्री गाडी चालवता? पोथी कुठे धरून वाचता, मांडीवर की पाटावर? एका आजींना मी सगळं समजावलं, जवळच्या चष्म्याची त्यांनी तयारी दाखवली, आणि नंतर कळलं की त्या दिवसातले दोन तास तांदूळ-डाळी निवडतात, सुपात. सुपाचं अंतर पुस्तकाचं नसतं. थोडं लांब असतं. तेव्हापासून माझ्या टेबलाखाली एक सूप आहे. लोक हसतात, पण हातात घेऊन अंतर बरोबर दाखवतात.

काउन्सेलरने दिलेलं आश्वासन तुमचंच असतं. एकदा दाराआड उभं राहून ऐका. 'शंभर टक्के चष्मामुक्ती' हे शब्द ऐकू आले तर त्या दिवशीच बदला. संमतीपत्र मराठीत असू द्या, त्यात शिल्लक नंबर, चष्मा लागण्याची शक्यता आणि रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं स्पष्ट लिहा. पैशांचंही आधीच लेखी: बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसी साध्या मोनोफोकलच्या हिशोबानेच रक्कम देतात, वरचा फरक पेशंटला भरावा लागतो. डिस्चार्जच्या वेळी मुलाला हे पहिल्यांदा कळलं की मग लेन्स कितीही छान बसलेली असो.

८. मल्टिफोकल सगळ्यात शेवटी

पायरी १ ची एक्सेल नव्याने भरा. साध्या लेन्समध्ये तुमचे बहुतेक डोळे अर्ध्या डायॉप्टरच्या आत येऊ लागले, की मग. मल्टिफोकल प्रकाशाची वाटणी करते, त्यामुळे शिल्लक राहिलेला अर्ध्या डायॉप्टरचा सिलिंडर, जो मोनोफोकलवाल्याच्या लक्षातही येत नाही, तो इथे रोज फोन करायला लावतो.

प्रत्येकाचा मॅक्युलाचा (डोळ्यामागच्या पडद्याच्या मधल्या भागाचा) ओसीटी स्कॅन करा, मोतीबिंदूतून मागचं ठीक दिसत असलं तरी. आपल्याकडे मधुमेह इतका आहे की हा वगळणं धाडसाचं आहे. टोपोग्राफीही प्रत्येकाची. पडदा खराब, काचबिंदू वाढलेला, कॉर्निया वेडावाकडा किंवा हट्टी कोरडेपणा असेल तर नको. रात्री सातारा हायवेवर ट्रक चालवणाऱ्याला नको. आणि जो चष्म्याची काच दर पाच मिनिटांनी पुसतो आणि उजेडात धरून बघतो, त्यालाही पहिल्या दहात नको. पहिला पेशंट असा निवडा: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, प्लस नंबर, सिलिंडर नगण्य, स्वभाव समाधानी. एडॉफ लेन्समध्ये (लांबपासून मधल्या अंतरापर्यंत सलग दाखवणाऱ्या) वलयांचा त्रास साधारणपणे कमी, पण बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो. तो लागेल असंच सांगून ठेवा.

९. बिघडलं तर

टोरिक फिरायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच फिरते. म्हणून दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करून ॲक्सिस बघाच. फिरलेली असेल तर घाईने त्याच दिवशी नाही आणि महिन्यांनीही नाही. एक ते तीन आठवड्यांच्या दरम्यान, पुन्हा हिशोब करून सरळ करा. मूळ ठरवलेल्या ॲक्सिसवरच न्यायची असं नसतं. आताच्या नंबरवरून नवा ॲक्सिस काढावा लागतो.

नाखूश मल्टिफोकल पेशंटला याग (धुरकट कॅप्सूलला लेसरने भोक पाडणं) करायची घाई करू नका. मागची कॅप्सूल थोडी धुरकट दिसते, हात शिवशिवतो. पण एकदा याग केलं की लेन्स बदलणं फार अवघड होऊन बसतं. आधी शिल्लक नंबर, कोरडेपणा, मॅक्युला तपासा, आणि तक्रार पहिल्या दिवसापासूनची आहे की मधल्या चांगल्या काळानंतर आली हे विचारा. पहिल्या दिवसापासूनची असेल तर ती सहसा कॅप्सूलची नसते.

दुसरा डोळा करताना पहिल्याचा निकाल वापरा. पहिल्या डोळ्यात जितकी चूक झाली तिच्या साधारण निम्मी दुरुस्ती दुसऱ्याच्या लेन्समध्ये करायची, अशी पद्धत आहे. पूर्ण नाही, निम्मीच, आणि तीही दोन्ही डोळे मोजमापात सारखे असतील तरच. अर्थात पहिल्या चुकीचं कारण सापडून दुरुस्त झालं असेल तर तेवढा भाग या हिशोबातून वजा करा, नाहीतर एकाच चुकीची दुरुस्ती दोनदा होते.

त्या लिपिकांचा दुसरा डोळा आम्ही चार महिन्यांनी केला. लाल स्टिकर लावून, थेंबांआधी मोजून, बरोबर कॉन्स्टन्ट भरून. नंबर मायनस पाव आला. सहा आठवड्यांनी त्यांनी एक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचलं, मग दुसरा झाकून वाचलं, आणि म्हणाले, "मॅडम, तो पहिलासुद्धा असाच परत करून द्या की. त्याची गॅरंटी असेलच ना?"